शिवणखोलीतले बारा संगणक

अगं टाकेबाई,

मुलांनी ठेवलेलं नाव मी उघड लिहितेय म्हणून फणकारू नकोस. सव्वीस वर्षं ते तुझ्या पाठीमागे घेतलं जायचं, आता तोंडावर घेतलं जातं, आणि तूही खुशाल ओ देतेस. शाळेच्या अंकासाठी तुझ्याबद्दल लिहून द्या, असा मला निरोप आलाय. 'सविस्तर' या शब्दाखाली रेघ मारलीय, म्हणजे मागणाऱ्याला माझा स्वभाव ठाऊक नाही. मी सगळं लिहिणार. तुझ्या घोडचुकीसकट. पण तू समोर बसल्यासारखं लिहायला गेले तर दर वाक्याला 'अहो बाई, तसं नव्हतं हो' म्हणत आडवी येशील. तेव्हा इथून पुढे तू म्हणजे 'ती'. गप्प बसून वाच.

तर ती. शाळेच्या वरच्या मजल्यावर, लांबलचक व्हरांड्याच्या टोकाला शिवणखोली होती. अकरा शिलाई मशिनं, मधे बेतायला लांब टेबल, भिंतीला खुंट्यांची रांग, आणि खिडक्या एवढ्या मोठ्या की सुईत दोरा ओवायला दिवा लावावा लागू नये. त्या खोलीत टाकेबाईचं राज्य. आवाज कधी चढला नाही, छडी कधी हातात धरली नाही. पोरांनी शिवून आणलेली वस्तू ती घ्यायची आणि वरून बघायचीच नाही. आधी उलटी करायची. आतली शिवण, दोऱ्याच्या गाठी, कडा दुमडल्यात की नुसत्या लपवल्यात.

"वरून सगळ्यांचंच छान दिसतं," म्हणायची. "मला आतून दाखव."

आत गुंतवळ निघाली की वस्तू परत. "उसव." एवढा एकच शब्द. त्या एका शब्दाला पोरं जेवढी वचकून असायची तेवढी शेजारच्या वर्गातल्या गणिताच्या पट्टीलाही नसायची. मी निवृत्त होईपर्यंत ती पट्टी माझी होती, म्हणून खात्रीने सांगते.

दोन वर्षांपूर्वी सुट्टी संपवून ती खोलीच्या दारात आली आणि तिथेच थबकली. मशिनं नव्हती. बेतायच्या टेबलावर बारा संगणक मांडले होते, खाली वायरींचं जंजाळ, आणि नव्या प्लास्टिकचा वास.

"माझी मशिनं कुठायत?" तिने शिपायाला विचारलं.

"जिन्याखाली ठेवलीत बाई. एकावर एक."

"एकावर एक?" तिचा चेहरा असा झाला, जणू घरातली माणसंच कोणी एकावर एक रचून ठेवलीत. तशीच ती तरातरा मुख्याध्यापिकांच्या खोलीत गेली. त्यांना सगळी शाळा मोठ्या बाई म्हणते. माणूस वाईट नाही, पण वर्षानुवर्षं वरून आलेले कागद वाचून वाचून बोलणंही कागदासारखं झालेलं.

"शिवण यंदापासून बंद," मोठ्या बाई म्हणाल्या. "वेळापत्रकातूनच गेलं. त्या जागी संगणकाचा तास."

"शिकवणार कोण?"

"माणूस नेमायचाय. नेमतील तेव्हा नेमतील. तोवर तुम्ही वर्गावर बसा. पोरांनी काही मोडू नये, एवढं बघा."

"नुसती बसू?"

"तीन वर्षं राहिलीत तुमची. बसा की सुखानं."

आता या बाईला 'बसा की सुखानं' म्हणणं म्हणजे डिवचणंच. ती घरी गेली, हातपाय धुतले, आणि सून कामावरून येताच तिच्या हातातली पिशवीसुद्धा खाली ठेवू न देता म्हणाली, "तुझा तो संगणक काढ. मला शिकव."

सून एका कचेरीत दिवसभर त्याच यंत्रापुढे बसणारी. दमून आलेली. पण सासूच्या डोळ्यांतली चमक बघून तिने निमूट स्वयंपाकघरातल्या टेबलावर संगणक उघडला. पहिली पंधरा मिनिटं हसण्यातच गेली.

"आई, माऊस आहे तो. इस्त्री नाही. एवढा दाबून काय फिरवताय?"

"मग कसा फिरवू? हलका हात म्हणजे सुरकुती राहते."

"सुरकुती नसते हो यात!"

दुसऱ्या दिवशी टाकेबाईने एक पानभर पत्र टाइप केलं. एकेक अक्षर शोधत, तासभर. आणि कुठलं तरी बटण दाबलं गेलं नि पान कोरं. सुनेने हात पुढे करून दोन बटणं एकदम दाबली. सगळं पान जिथल्या तिथे परत.

"पुन्हा कर," टाकेबाई म्हणाली.

सुनेने पुन्हा केलं. पुसलं, आणलं. मग टाकेबाईने स्वतः केलं. अकरा वेळा. दूध उतू गेलं तरी तिचं लक्ष नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला माझा फोन खणखणला. कुणाचं तरी काही बरंवाईट झालं असणार म्हणून मी धसकून उचलला.

"अहो बाई, उसवता येतं!"

"काय?"

"अहो, शिवणीत टाका उसवता येतो, पण एकदा कात्री चालली की संपलं ना? इथे कापलेलंसुद्धा जोडता येतं! जसंच्या तसं! सव्वीस वर्षं पोरं कात्रीला घाबरताना बघितलीत मी. कळतंय का तुम्हाला, मी काय म्हणतेय?"

मला कळलं नव्हतं. मी चहासुद्धा घेतला नव्हता.

सातवीच्या चौतीस पोरांपुढे तिने पहिला तास घेतला तो असा. एका संगणकावर तिघंतिघं दाटीवाटीने बसवून तिने त्यांना एक पान लिहायला लावलं. मग म्हणाली, "आता सगळं पुसा." वर्गात आरडाओरडा. "पुसा म्हणतेय ना!" पुसलं. दोघी रडायच्या बेताला आल्या. मग तिने ती दोन बटणं सांगितली, आणि बाराच्या बारा पडद्यांवर लिहिलेलं परत उगवलं तेव्हा असा जल्लोष झाला की खालच्या मजल्यावरून मोठ्या बाई धावत वर आल्या.

"काय मोडलं?"

"भीती," टाकेबाई म्हणाली. मला तर हे उत्तर तिने आधीच ठरवून ठेवलं होतं असं वाटतं, पण ती नाही म्हणते.

आता घोडचूक.

शिवणखोलीचा एक जुना नियम होता. कात्री, बोटात घालायचं अंगुस्तान, टेप, जे काही तुमचं असेल त्यावर कापडी पट्टी लावायची आणि पट्टीवर नाव शिवायचं. नाव शिवलेलं नसेल तर वस्तू वर्गात राहायची नाही. या नियमाने सव्वीस वर्षांत एक सुई हरवली नव्हती. आता प्रत्येक पोराला संगणकात स्वतःचं खातं मिळालं आणि खात्याला पासवर्ड. टाकेबाईच्या हिशेबी पासवर्ड म्हणजेही कात्रीसारखीच हरवणारी चीज. पोरं रोज विसरायची. मग काय, तिने पांढऱ्या कापडाच्या चौतीस पट्ट्या कापल्या आणि प्रत्येकाला आपलं नाव आणि पासवर्ड रंगीत दोऱ्याने त्यावर शिवायला लावला. दोन आठवडे खपून. सुबक टाके, मागची बाजूही स्वच्छ. सगळ्या पट्ट्या ओळीने खुंट्यांवर.

शिवण मागल्या दाराने शाळेत परत आणली म्हणून बाई मनातून गुदगुल्या झाल्यासारखी खूश. मोठ्या बाईंनाही ती रांग इतकी आवडली की त्यांनी तिचा फोटो काढून, मोठा करून, फाटकाजवळच्या फलकावर लावला. येणाऱ्याजाणाऱ्याने बघावा म्हणून.

त्या वर्गात एक मुलगी होती. ठेंगणी, चष्मेवाली, आणि 'बस' म्हटलं तर 'का?' विचारणारी. तिला सगळे वकील म्हणायचे. वकिलाने तीन आठवडे खपून आजोबांच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानावर दहा पानी निबंध लिहिला होता. एके सकाळी उघडून बघते तर निबंध गायब, आणि दहाही पानांवर एकच ओळ. मी गाढव आहे. मी गाढव आहे. मी गाढव आहे.

पोरं खिदळली. वकील रडली नाही. उभी राहिली.

"बाई, कोणी केलं ते शोधा."

"शोधते. आधी सांग, तुझा पासवर्ड कुणाला सांगितला होतास?"

"मी कुणालाच नाही सांगितला." वकिलाने भिंतीकडे बोट केलं. "तुम्ही खुंटीवर टांगायला लावलात. त्यावर नाव शिवायला लावलंत. आणि मोठ्या बाईंनी फाटकावर फोटो लावला. किल्ली रस्त्यावर टांगायची होती, तर कुलूप कशाला लावलं बाई?"

टाकेबाईला असं कोणी कधी बोललं नव्हतं. ती कानापर्यंत लाल झाली. चौतीस जोड्या डोळे तिच्याकडे. तिने भिंतीकडे पाहिलं, त्या सुबक, रंगीत, मूर्खपणाच्या रांगेकडे. मग टेबलाच्या खणातून छोटी कात्री काढली, सगळ्यांत वर टांगलेली तिची स्वतःची पट्टी उतरवली (हो, तिनेही शिवली होती, नमुना म्हणून!) आणि पोरांसमोर एकेक टाका उसवायला बसली.

"चूक माझी," ती म्हणाली. "बघत काय बसलात? उतरवा आपापल्या. उसवा."

बाईंना स्वतःचं काम उसवताना पोरांनी आजवर पाहिलं नव्हतं. तास कधी संपला, कळलंही नाही. गाढव कोणी लिहिलं ते शेवटपर्यंत सापडलं नाही, आणि तिने शोधायचा हट्टही धरला नाही. पण त्या दिवसापासून वर्गात एक रीत पडली. कोणीही पासवर्ड घालायला बसला की तो म्हणायचा, "पाठ!" आणि आजूबाजूचे सगळे, बाईंसकट, त्याच्याकडे पाठ करून उभे राहायचे. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, सगळा वर्ग कुणावर तरी रुसलाय.

आणि त्याच आठवड्यात, ते वरून छान दिसणारं प्रकरण डोक्यात घोळत असताना, तिला आपला खरा धडा सापडला. घरच्यांच्या फोनवर जे येतं ते पोरांनी कागदावर उतरवून आणायचं आणि वर्गात उलटं करायचं. कोणी लिहिलं? कधी लिहिलं? आधी कुठे होतं? माझ्याकडून काय हवंय? आणि मला घाई का करतंय? पाच प्रश्न. शिवण आतून तपासावी तसा निरोप आतून तपासायचा. आत गुंतवळ निघाली की "उसव", म्हणजे पुढे धाडायचा नाही आणि ज्याने धाडला त्याला जाऊन सांगायचं.

पोरांना जे वेड लागलं म्हणता! पाणी उलट्या ग्लासातून प्यायल्याने दृष्टी सुधारते, दहा जणांना धाडा नाहीतर वर्ष वाईट जाईल, अमक्या झाडाचा पाला उशाला ठेवा. रोज गठ्ठाच्या गठ्ठा. एका मुलाचे वडील तक्रार घेऊन आले.

"बाई, पाहुण्यांदेखत कार्ट्याने मला विचारलं, 'बाबा, हे कोणी लिहिलंय? कधी?' मला तोंड लपवायला जागा उरली नाही."

"मग? कोणी लिहिलं होतं?"

"मला काय माहीत!"

"मग धाडलंत कशाला?"

ते गृहस्थ आले तसे परत गेले. टाकेबाईने त्या संध्याकाळी मला फोनवर हे तीनदा सांगितलं, तिन्ही वेळा तितक्याच जोरात हसत. साठीकडे झुकलेली बाई, पण त्या महिन्यांत ती जिना दोन-दोन पायऱ्या चढायची. सून म्हणायची, "आई, जेवताना तरी कोणी लिहिलंय विचारू नका. भाजी मीच केलीय."

आणि मग मोठ्या बाईंनी तिला बोलावून एक कागद पुढे सरकवला. एका कंपनीने शाळेला संगणकाच्या धड्यांचा तयार संच देऊ केला होता. पडद्यावर माणूस दिसतो, तो बोलतो, मुलं ऐकतात, शेवटी प्रश्नांना टिचक्या मारतात. शिक्षक लागत नाही. शिपायाने खोली उघडली की झालं.

"पुढच्या सोमवारी शिक्षणखात्याचे तपासनीस साहेब येतायत," मोठ्या बाई म्हणाल्या. "तुमच्या वर्गाला दहा प्रश्न विचारतील. सात आले तर वर्ग तुमच्याकडे. नाही आले तर संच. तुम्ही मग वाचनालयात बसा."

"नुसती?"

मोठ्या बाईंनी पुढचा कागद ओढला.

टाकेबाईच्या पायाखालची जमीन सरकली. वर्षभर आधी शिवणखोलीच्या दारातून ती मशिनांसाठी रडवेली होऊन परतली होती. आता या बारा पेट्यांवर कोणी हात टाकला तर ती भांडायला उठणार होती. तो आठवडा तिने घोकंपट्टीत घातला. जे तिला मनापासून आवडत नाही ते केलं. यंत्राच्या भागांची नावं, कशाला काय म्हणतात, पहिलं काय, दुसरं काय. पोरं कंटाळली. वकील म्हणाली, "बाई, हे पाठ करून काय करायचं?"

"सोमवारपर्यंत वाद घालू नकोस. मंगळवारी हवा तेवढा घाल."

सोमवार उजाडला. साहेब अकराला येणार. पावणेदहाला वर्ग इस्त्रीचे कपडे घालून बसलेला. दहाला शिपाई धापा टाकत वर आला.

"बाई, खाली चला. फाटकावर पालक जमलेत. पोरांना घरी न्यायला आलेत."

खाली गोंधळ माजला होता. वीस-पंचवीस आईबाप, प्रत्येकाच्या हातात फोन, प्रत्येक फोनवर शाळेचंच पत्र. वर शाळेचं नाव, खाली मोठ्या बाईंची सही आणि शिक्का. शाळेच्या टाकीतल्या पाण्याने काही विद्यार्थ्यांना बाधा झाली आहे. आपल्या पाल्याचे नाव यादीत आहे का ते तातडीने पाहावे. खाली यादीची निळी ओळ, आणि तिच्यावर बोट ठेवलं की ईमेल आणि पासवर्ड मागणारं पान.

मोठ्या बाई व्हरांड्यात खांबाला धरून उभ्या. चेहरा पांढराफटक.

"सही माझीच आहे हो," त्या पुटपुटल्या. "गेल्या आठवड्यात ढीगभर कागदांवर सह्या केल्यात मी. त्यात हाही असेल का? मी न वाचता... घंटा द्या. शाळा सोडू या."

टाकेबाईने घड्याळ बघितलं. सव्वादहा. पाऊण तासात साहेब. वर चौतीस पोरं दहा उत्तरं ओठांवर घेऊन बसलेली, एकदा खाली उतरली की त्यांच्या डोक्यातून सगळं उडणार हे तिला पक्कं माहीत. तिने जिन्यातूनच हाक मारली.

"सातवी! खाली या! उलटं करायचंय!"

"अहो, पाहणी आहे!" मोठ्या बाई म्हणाल्या.

"पाहणी गेली चुलीत."

पोरं जी सुटली! चार जणांनी पत्र घेऊन वर धाव घेतली आणि ते कागदावर छापलं. दोघींनी पत्रावरचा फोन नंबर बघितला. तो शाळेचा जुना नंबर निघाला, वर्षापूर्वीच बंद झालेला. एकाने यादीच्या पानाचा पत्ता मोठ्याने एकेक अक्षर वाचला. शाळेच्या नावात एक अक्षर जास्त, म्हणजे पासवर्ड चोरायला कोणीतरी उभं केलेलं खोटं पान. बाकीच्यांनी पाण्याची टाकी गाठली. शिपाई त्याच टाकीचं पाणी सकाळपासून पितोय आणि ठणठणीत आहे, अशी त्याची साक्ष लिहून आणली, खाली सहीसकट.

राहिली मोठ्या बाईंची सही. ती मात्र हुबेहूब. तिथे टाकेबाईने हात घातला. क्रीडास्पर्धेची सूचना शाळेने सगळ्या पालकांना धाडली होती, तिच्यावरही मोठ्या बाईंची सही होती. तिने ती सूचना छापून आणवली आणि दोन्ही कागद एकावर एक ठेवून, कपड्याचा कागदी बेत उतरवताना धरतात तसे, खिडकीच्या काचेवर धरले. उजेड आरपार आला. सहीवर सही बसली. वळण, शेपटी, मधला शाईचा ठिपका, केसाचाही फरक नाही.

"म्हणजे माझीच!" मोठ्या बाईंचा धीर सुटला.

"अहो, एवढी एकसारखी आहे म्हणूनच तुमची नाही," टाकेबाई म्हणाली. "हाताने घातलेले दोन टाके कधी तंतोतंत सारखे येतात का? आता इथे तीनदा सही करा बघू." मोठ्या बाईंनी केली. तीन सह्या, तीन तऱ्हा. "बघा. स्पर्धेच्या कागदावरून उचलून इथे चिकटवलीय."

मोठ्या बाईंनी ते दोन कागद तिच्या हातातून घेतले आणि स्वतः काचेवर धरले. मग घंटेपाशी हुकमाची वाट बघत उभ्या असलेल्या शिपायाला त्यांनी जे खणखणीत "थांब!" म्हटलं, तसा आवाज त्या शाळेत पूर्वी कोणी ऐकला नव्हता.

पोरं जोडीजोडीने फाटकावर गेली. पालकांना गाठून, कागद दाखवून, पाच प्रश्न. "काका, तुम्हाला घाई का केली असेल त्याने? घाबरलेला माणूस वाचत नाही म्हणून." एक आई हमसून रडत होती, तिच्या मुलाला वर्गातून आणून तिच्यापुढे उभा केला. पोरगा खो-खो खेळून घामाघूम झालेला, लाजेने चूर. "आई, घरी जा ना!"

या सगळ्या गर्दीत एक सुटाबुटातले गृहस्थ फाटकाशी कधीचे अडकून होते. वकिलाने त्यांनाही पकडलं.

"काका, तुमचा मुलगा कितवीत?"

"माझा मुलगा नाही. मी तपासनीस आहे. हे पत्र मलाही आलंय, यादी बघायची होती मला."

"उघडलीत?"

"उघडली."

"पासवर्ड घातलात?"

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. "कचेरीचा."

वकिलाने कपाळाला हात लावला. "अरे देवा. साहेब, ते पान आधी बंद करा. आणि कचेरीचा पासवर्ड आत्ताच्या आत्ता बदला. इथेच. आम्ही बघत नाही." आणि मागे वळून खच्चून ओरडली, "पाठ!"

फाटकावरची सगळी सातवी गर्रकन वळली. पोरांचं बघून पालक वळले. शिपाई वळला. टाकेबाई वळली, आणि तिने दंडाला धरून मोठ्या बाईंनाही वळवलं. शिक्षणखात्याचे तपासनीस साहेब भर रस्त्यात, पन्नास-साठ पाठींच्या मधोमध, एका बोटाने फोनवर टकटक करत उभे. रस्त्याने जाणारा सायकलवाला उतरून बघत राहिला.

"झालं," साहेब हळूच म्हणाले.

पाहणी झाली. एक तास उशिरा, पण झाली. साहेबांनी खिशातून प्रश्नांचा छापील कागद काढला. पहिले चार प्रश्न पोरांना आले. पाचवा नाही, सहावा नाही, सातवा नाही. घोकलेलं सगळं फाटकावर सांडलं होतं. टाकेबाई मागच्या भिंतीला टेकून, ओठ घट्ट मिटून उभी. चार उत्तरं. हवी होती सात. तेवढ्यात वकिलाने हात वर केला.

"साहेब, तुमचा कागद जरा उलटा करता?"

"का?"

"हे प्रश्न कोणी लिहिले आणि कधी, ते बघायचंय."

टाकेबाईने डोळे मिटून घेतले. साहेबांनी मात्र कागद उलटला. मागे खाली बारीक अक्षरांत छपाईचं वर्ष होतं. त्यांनी ते वाचलं आणि मग वर्गाला सांगितलं. वर्गातलं एकही पोर तेव्हा जन्माला आलेलं नव्हतं. उरलेले तीन प्रश्न त्यांनी विचारलेच नाहीत.

लेखी अहवालात त्यांनी काय लिहिलं माहितीये? 'विद्यार्थ्यांना यंत्राच्या भागांची नावे येत नाहीत.' खरंच होतं ते. पण खाली मोठ्या बाईंच्या टेबलावर संचाचा कागद सहीसाठी पडला होता, आणि तो मोठ्या बाईंनी साहेबांसमोरच उचलून बाजूला ठेवला.

"हा नको. वर्ग यांच्याकडेच राहील."

"सात उत्तरं आली नाहीत," साहेब म्हणाले.

"त्या संचाला फाटकावर उभं करता येतं का?"

साहेबांनी अहवाल मिटून पिशवीत घातला. जाताना जिन्यात टाकेबाईला गाठून त्यांनी एवढंच विचारलं, "हे पाच प्रश्न, उलटं करणं, पाठ फिरवणं, हे कुठे लिहून ठेवलंय का तुम्ही?"

"नाही बाई," ती म्हणाली, आणि लगेच जीभ चावली. "नाही साहेब."

"लिहून पाठवा. बाकीच्या शाळांना देतो."

बाई, इथे तू माझ्याकडे आलीस. तुझ्याकडे परत 'तू' म्हणूनच वळते, कारण यापुढचा मामला आपल्या दोघींतला आहे. "तुमचं अक्षर चांगलं आणि डोकं सरळ," म्हणालीस, "मी सांगते, तुम्ही लिहा." मी नवी वही आणली, पाकिटावर साहेबांचा पत्ता घातला, तिकीटसुद्धा चिकटवलं. पहिल्या बैठकीत साडेचार पानं झाली. दुसऱ्या दिवशी तुझा फोन, "थांबा, पुढे लिहू नका, आज पोरांनी नवाच प्रकार आणलाय, फोनवर यंत्रातून हुबेहूब आवाज काढतात हो माणसाचा, आता सहावा प्रश्न लागणार!" आठवड्याने पुन्हा फोन, पुन्हा थांबा. मग तुला शेजारच्या शाळेने बोलावलं, मग तिच्या पलीकडच्या. मी दोनदा चिडले, तू दोनदा गुरुवारचं वचन दिलंस. पहिल्या गुरुवारी तू कुठल्याशा शाळेत पोरांकडून पानं पुसून घेत होतीस, दुसऱ्या गुरुवारी माझे गुडघे धरले. साहेबांची मधेच बदली झाली असं ऐकते, म्हणजे पत्ताही आता चुकीचाच. वहीत अजून तीच साडेचार पानं आहेत आणि पाकीट टेबलावर आहे.